घरातली दुसरी गाडी म्हणून फोर बाय फोर: थार, जिम्नी की गुरखा?

मावळवाट
घरात एक हॅचबॅक आहे. ऑफिस, शाळा, बाजार सगळं तिच्यावर चालतं आणि ती राहणारच आहे. आता दुसरी गाडी घ्यायची आहे ती फिरण्यासाठी, मजेसाठी, आणि वेल्ह्याकडच्या शेतावर भर पावसातही पोचता यावं म्हणून. शेतापर्यंतचा शेवटचा तीनेक किलोमीटर रस्ता मुरमाचा आहे. मध्ये एक ओढा, आणि ओढा ओलांडला की लगेच चढ.

माणसं पाच: आम्ही दोघं, मुलं ९ आणि ४ वर्षांची, सासूबाई ६८. त्यांचे गुडघे दुखतात. रनिंग महिन्याला फार तर ४००-५०० किमी. बजेट ऑन-रोड १८ लाख, अगदीच गरज पडली तर थोडं ताणता येईल. पुण्यात सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग आहे.

डोक्यात फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देऊ शकणाऱ्या, तीन गाड्या आहेत: तीन दारांची थार, जिम्नी आणि गुरखा. जुनी गाडी घ्यायलाही हरकत नाही. जाणकारांनी सांगा, काय बघून ठरवावं?

नटबोल्ट
इंजिन आणि टायर नंतर, आधी सीटा मोजा. तीन दारांची थार चार सीटर, जिम्नीला पाच दारं असली तरी तीही चार सीटर. मागे मधल्या माणसाला जागा नाही आणि बेल्टही नाही. घरात पाच माणसं असतील तर या दोन्ही गाड्यांत एकजण घरी राहणार किंवा दोन गाड्या काढाव्या लागणार.

पाच जणांसाठी पाच दारांची थार रॉक्स आहे (व्हीलबेस २८५० मिमी, तीनदारीचा २४५०). नाहीतर पाच दारांची गुरखा, ती सात सीटर. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं आणि तेही वरच्या व्हेरिएंटमध्ये. म्हणजे १८ लाखांत बसत नाही.

सदाफुली
सीटांबद्दल सहमत. पण दुखऱ्या गुडघ्यांचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

तीनदारी थारमध्ये मागे जायचं तर पुढची डावी सीट पुढे ढकलायची, फुटस्टेपवर पाय ठेवायचा, कंबरेत वाकून आत शिरायचं आणि आतल्या आत वळून बसायचं. उतरताना हेच उलट, आणि तेव्हा सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येतं. ६८ वर्षांच्या बाईला हे करायला लावू नका. त्या पुढे बसणार म्हणाल तर मग तुम्ही मागे.

४ वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीट लागणार. आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायची सोय) आहे, पण तीनदारी गाडीत ती सीट आत नेणं, क्लिप लावणं आणि रोज मुलाला उचलून आत बसवणं यात कंबर जाते. शोरूमला जाताना स्वतःची चाइल्ड सीट घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. सेल्समनच्या 'हो मॅडम, बसते'वर जाऊ नका.

जिम्नीला मागची दारं स्वतंत्र आहेत, त्यामुळे चढउतार सोपी. चारही सीटा वर असताना, म्हणजे चौघं बसलेले असताना, डिकी २०८ लिटर. दोन मऊ बॅगा आणि पाण्याचा कॅन, संपलं.

हिशेबी
बजेटचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, बाकी ४० टक्के. सेस गेला. जिम्नी ३९८५ मिमी लांब असली तरी इंजिन १४६२ सीसी पेट्रोल, म्हणून ४० टक्क्यांत. थारचं १.५ डिझेल १८ टक्क्यांत बसतं, पण ती फक्त मागच्या चाकांवर चालते, फोर बाय फोर नाही. 'थार स्वस्त झाली' हे ऐकून जाणाऱ्यांनी कोणती थार हे आधी विचारावं.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वैयक्तिक नावावर १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलसाठी १२ टक्के, डिझेलसाठी १४. १५ लाखांच्या गाडीत इथेच ३० हजारांचा फरक. कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स २० टक्क्यांवर जातो, तो मोह टाळा. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर) लागतो, तो रिटर्न भरताना मिळतो, पावती जपा.

इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा कोट घेऊन जा. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. ओढा ओलांडणार असाल तर इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्या, साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरल्याचा क्लेम बहुतेक नाकारला जातो.

तिसरीगल्ली
जरा वेगळं मत. तीन किलोमीटर मुरमासाठी फोर बाय फोर कशाला? २०० मिमीच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स, बरे टायर आणि चालवणाऱ्याचं डोकं एवढं असेल तर साधी एसयूव्ही जाते. गावातल्या पिकअप वर्षभर जातातच की. पाच माणसं आरामात बसतील अशी नेहमीची एसयूव्ही घ्या, उरलेल्या पैशात रस्त्यावर दोन ट्रॅक्टर खडी टाका.

चाकोरी
तिसरीगल्ली, मुरमापुरतं तुमचं बरोबर आहे. पण धागाकर्त्यांनी 'ओढा ओलांडला की लगेच चढ' असं लिहिलंय, आणि अडचण नेमकी तिथे आहे.

ओढ्यातून निघालेल्या टायरला गाळ आणि पाणी लागलेलं असतं. चढावर वेग घेऊन यायला जागा नाही, कारण ओढा सावकाशच ओलांडायचा असतो. चढावर वजन मागच्या चाकांवर जातं, पुढची हलकी होतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी इथे फिरत राहते. मागच्या चाकांवर चालणारी थोडी बरी, पण एक मागचं चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर आलं की साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअर) सगळी ताकद मोकळ्या चाकाला देतो आणि गाडी जागच्या जागी. गावातली पिकअप जाते कारण तिच्या मागे शे-दोनशे किलो माल असतो आणि चालवणाऱ्याला प्रत्येक दगड पाठ असतो.

लो रेंज म्हणजे काय तेही सांगतो. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत) आणखी एक गिअर रिडक्शन असतं, थारला साधारण अडीचपट, जिम्नीला दुप्पट. ४एल (फोर बाय फोर, लो रेंज) लावून पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तरी गाडी माणसाच्या चालीने चढते. साध्या गाडीत तोच चढ अर्धा क्लच दाबून चढावा लागतो आणि क्लच प्लेट जळते. शेतावर जाणाऱ्या गाडीचा खरा खर्च तोच.

पाऊलखुण
बूच मारून (धाग्यावर खूण करून) ठेवतोय. आमच्याकडेही हाच वाद सुरू आहे, फक्त गाव मुळशीत.

मावळवाट
सगळ्यांचे आभार. खडी दर वर्षी टाकतो, दर वर्षी ओढा घेऊन जातो.

दोन प्रश्न. एक, फोर बाय फोर डांबरावर लावून ठेवली तर पावसात घाटात जास्त सुरक्षित नाही का? दोन, महिन्याला ५०० किमीसाठी डिझेल घ्यावं का?

नटबोल्ट
पहिल्याचं उत्तर: नाही. थार, जिम्नी, गुरखा तिन्ही पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. ४एच (फोर बाय फोर, नेहमीची रेंज) लावलं की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारे दांडे) एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापावा लागतो. चिखलात किंवा मुरमावर टायर थोडा घसरून तो फरक भरून काढतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात अडखळते, आणि ४एचमधून २एचला (फक्त मागच्या चाकांवर) लिव्हर येईना होतो. असं अडकलं तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. वारंवार केलं तर ट्रान्सफर केसची चेन किंवा गिअर जातात.

ओल्या घाटात सुरक्षितता टायर, वेग आणि ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) देतात. फोर बाय फोरने गाडी लवकर थांबत नाही, ब्रेक तेच असतात.

दुसरं: बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुराचा फिल्टर) असतो. धुराची काजळी त्यात साठते आणि ती जाळायला एक्झॉस्ट गरम व्हावा लागतो. गाडी आठवडाभर उभी आणि रविवारी पाच-सात किलोमीटर फिरवली, असं चाललं तर डीपीएफचा दिवा लागणारच. दिवा लागला की हायवेवर २००० आरपीएमच्या वर, ६०-८० च्या स्थिर वेगाने वीसेक मिनिटं चालवावी, बहुतेक वेळा विझतो. दुर्लक्ष केलं तर वर्कशॉपमध्ये जबरदस्तीचं रीजनरेशन, त्याहून पुढे गेलं तर डीपीएफ बदलणं, आणि तो महाग असतो. तुमचं वेल्हं पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर, जाऊन-येऊन शंभर. दर आठवड्याला नक्की जाणार असाल तर डिझेल चालेल. गाडी बरेचदा उभीच राहणार असेल तर पेट्रोल.

पण पेट्रोल थार ऑटोमॅटिक शहरात लिटरला ८-९ किमीच्या पुढे जात नाही, हे धरून चला. जिम्नीचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला १६.९४, प्रत्यक्षात १२-१४ मिळतात.

गडगा
जिम्नीच्या बाजूने बोलायला कोकणातून हजर!

रुंदी बघा. जिम्नी १६४५ मिमी, थार १८२०. साडेसतरा सेंटिमीटरचा फरक. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे असलेल्या पाणंदीत हा फरक म्हणजे आरसे उघडे ठेवून जाणं की मिटून जाणं. समोरून रिक्षा आली तर बाजूला घ्यायला जागा मिळते की नाही, तेही यावरच. वजनही १२०० किलोच्या आसपास, थार पावणेदोन टनाच्या घरात. ओल्या लाल मातीत हलकी गाडी वर तरंगते, जड गाडी खोल जाते. रुतलीच तर चार माणसांनी ढकलून निघते.

तोटाही सांगतो. १०५ पीएस आणि १३४ एनएम. चार माणसं, एसी आणि घाट म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच जायचं. ऑटोमॅटिक चारच गिअरची आहे, मॅन्युअल घ्या. टाकी ४० लिटरची.

लाल मातीसाठी टायरबद्दल: कंपनीचे हायवे पॅटर्नचे टायर पहिल्या शंभर फुटांत मातीने भरून गुळगुळीत होतात, मग नक्षी असून नसल्यासारखी. एटी (ऑल टेरेन) टायर घ्या. एमटी (मड टेरेन, चिखलाचे) घेऊ नका, ते डांबरावर घोंघावतात, पावसात ब्रेक मारला की घसरतात, मायलेज खातात. तुमच्या चालवण्यात डांबर ९५ टक्के असणार.

आणि हवा! याच्याइतका फुकट उपाय दुसरा नाही. चिखलात २० पीएसआयपर्यंत, मऊ वाळूत १५-१६. टायर खाली पसरतो, जमिनीला जास्त लागतो. मात्र हवा कमी असताना ३० च्या वर वेग नाही आणि झटक्यात वळवणं नाही, टायर रिमवरून निसटतो. सिगारेट लायटरवर चालणारा स्वस्त कंप्रेसर पाचव्या मिनिटाला तापून बंद पडतो. थेट बॅटरीला क्लिप लावायचा घ्या, आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

डांबरी
गडगा, कोकणचा विषय निघालाच आहे तर विचारतो: सड्यावर गाडी घालायला मस्त जागा असते ना? मोकळं पठार, कोणी नाही.

गडगा
कृपा करून घालू नका. मनापासून सांगतोय.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू. २०२२ मध्ये त्यांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. कातळात कोरलेली रेष काही ठिकाणी बोटभरच खोल असते, वर माती आणि वाळलेलं गवत. गाडीतून ती दिसत नाही. टायरखाली सुट्टा खडा आला आणि चाक फिरलं की कडा खरवडून जाते. शिवाय सड्यावरच्या उथळ मातीत पावसाळ्यात जी फुलं येतात त्यांचा थर जेमतेम इंच-दोन इंच असतो. एकदा चाकोरी पडली की तिथून पाणी वाहतं, माती जाते आणि नुसता कातळ उरतो. कास पठारावर गाड्यांना बंदी आहे ती याच कारणाने.

आधीपासून असलेली बैलगाडीची, ट्रॅक्टरची वाट असेल तिथूनच चालवा.

आडवाट
गडग्यांना शंभर टक्के अनुमोदन, आणि त्यात समुद्रकिनारा जोडतो. पुळणीवर गाडी उतरवणं गोव्यात बेकायदा आहे, पोलीस गुन्हे नोंदवतात. आपल्याकडेही कारवाई होते. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूत हात-दीड हात खाली असतात, वरून गाडी गेली की वाळू दाबली जाते. आणि गाडीच्या स्वार्थाचं म्हणाल तर भरतीच्या रेषेजवळची ओली वाळू वरून टणक दिसते, उभी राहिली की चाकाखालून पाणी सुटतं आणि गाडी बसते. मग भरती येते. खारं पाणी चासिसमध्ये गेलं की नंतर कितीही धुवा, वायरिंगचे कपलर हिरवे पडतात.

अभयारण्यातल्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते. 'गुगलवर रस्ता दिसतो' हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही.

सदाफुली
मूळ प्रश्नाकडे या मंडळी. मेकॅनिकल पार्किंगचं कोणीच बोललं नाही! थारची उंची १८५० मिमीच्या आसपास, जिम्नी १७२०, रॉक्स १९२३, गुरखा दोन मीटरच्या वर. बऱ्याच जुन्या स्टॅक पार्किंगच्या खालच्या पॅलेटची उंची सेडानच्या हिशोबाने, १५५०-१६०० मिमी असते. पॅलेटच्या खांबावर उंची, रुंदी आणि वजनाची पाटी असते, तिचा फोटो काढून घ्या. रुंदीत आरसे धरून मोजा. आणि मागे लटकणारी स्टेपनी लांबीत धरा, नाहीतर सेन्सर पॅलेट हलू देत नाही.

दुसरं, या सगळ्या गाड्यांचं मागचं दार बाजूला उघडतं. मागे भिंत असेल तर डिकी उघडणार नाही. पुढचं तोंड भिंतीकडे करून लावावी लागेल.

मावळवाट
सदाफुलीताई, फार मोलाचं. पाटी बघितली: उंची १७५० मिमी, वजन २००० किलो. म्हणजे थार, रॉक्स आणि गुरखा तिथेच गळाल्या, नाहीतर सोसायटीकडे उघड्यावरची जागा मागावी लागेल. ती वेटिंग लिस्ट लांब आहे.

ओढ्याबद्दल कोणी नीट सांगाल का? जुलैमध्ये गुडघाभर पाणी असतं, खाली गोटे आणि शेवाळ.

चाकोरी
गुडघाभर म्हणजे साधारण ४५-५० सेंटिमीटर. किती खोल पाण्यातून जाते याचा थार आणि रॉक्सचा कंपनीचा आकडा ६५० मिमी, गुरखाचा ७००, तिला स्नॉर्केलही (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) कंपनीचाच. पण हे आकडे साचलेल्या पाण्याचे आहेत. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या खालचं पाणीही गाडीला बाजूने ढकलतं, हलक्या गाडीला जास्त. जिम्नीत पाणी चाकाच्या मध्यावर, म्हणजे ३०-३५ सेंटिमीटरच्या वर असेल तर थांबा. म्हणजे जिम्नी घेतलीत तर जुलैच्या भर पावसातल्या दिवशी पाणी उतरेपर्यंत अलीकडेच गाडी लावावी लागेल. हे आधीच स्वीकारून घ्या.

पद्धत अशी. आधी उतरून काठीने चालत जा. पायाला पाण्याचा जोर लागून तुम्हाला तोल सावरावा लागत असेल तर गाडी नेऊ नका. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर चालल्याशिवाय तर अजिबातच नाही, कालपर्यंत होता तो फरशीचा तुकडा रात्रीत गेलेला असतो. कुठून शिरायचं आणि कुठे निघायचं हे ठरवा. बाहेर निघायची जागा थोडी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा.

पाण्यात उतरण्यापूर्वीच ४एल आणि पहिला किंवा दुसरा गिअर. काचा खाली, सीट बेल्ट काढलेले, मुलं आणि आजी गाडीत नाहीत, त्या साकवावरून चालत पलीकडे. सावकाश शिरा, पुढे एक लाट तयार होते, तिच्या मागोमाग तोच वेग धरा. धाडकन पाणी उडवत जायचं नाही, पाणी एअर इनटेकमध्ये जातं आणि पंख्याची पाती रेडिएटरवर आपटतात. मध्ये क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही.

मध्येच इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन लावून बाहेर काढा, तिथून वर्कशॉप. बाहेर आल्यावर लगेच चढ आहे, त्यामुळे चढायच्या आधी दोन-तीनदा हलका ब्रेक मारून तो कोरडा करा.

ओढ्यातून नियमित जाणाऱ्या गाडीचं पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल दर पावसाळ्यानंतर तपासायचं. फिलर प्लग उघडून बोट घाला, तेल दुधाळ दिसलं की पाणी गेलंय, बदला. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) अडकलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ब्रीदरची नळी वर इंजिन बेपर्यंत नेऊन बांधतात. काम किरकोळ, फायदा मोठा.

आडवाट
चढावर गाडी बंद पडली तर काय, तेही लिहून ठेवा, कारण बरेच अपघात तिथे होतात. क्लच दाबून मागे घसरू द्यायचं नाही. पायाचा ब्रेक घट्ट, हँडब्रेक, मग क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा, क्लच पूर्ण सोडा आणि मगच ब्रेक हळूहळू सोडा. इंजिनच्या जोरावर गाडी सरळ मागे येते. तिरकी कधीही करायची नाही, उलटते. उतारावरही तेच: ४एल, पहिला गिअर, पाय क्लचवरून बाजूला.

हिशेबी
रुतल्यावर काढायचं सामान किती लागतं? दुकानदार पंचवीस हजारांची बॅग दाखवतात.

नटबोल्ट
एवढं लागत नाही. फावडं, कंप्रेसर, टायर गेज, जाड हातमोजे, जॅकखाली ठेवायला दीड फूट बाय एक फूट फळी, ८ टनांचा एक पट्टा, आणि पाऊण इंची दोन बो शॅकल (पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या) ज्यांच्यावर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. आकडा कोरलेला नसेल तो शॅकल घेऊ नका.

नियम असा की आधी खणा, मग ओढा. चाकांपुढची माती काढली, हवा कमी केली की निम्म्या गाड्या स्वतःच्या जोरावर निघतात. पट्टा चासिसवरच्या टो हुकलाच लावायचा. ट्रेलरच्या गोळ्याला, बंपरला, ॲक्सलला कधीच नाही. तो गोळा तुटला तर काच फोडून आत येतो, माणसं गेली आहेत अशाने. दोन पट्टे शॅकलने जोडायचे नाहीत, मध्ये लोखंड आलं की तुटताना तेच उडतं. पट्ट्यावर मध्यभागी जड चटई किंवा ओलं पोतं टाका. बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब.

साध्या पट्ट्याने झटका मारायचा नाही, तो ताणून हळू ओढायचा. झटक्यासाठी ताणला जाणारा कायनेटिक दोर वेगळा मिळतो. आणि एकटी गाडी घेऊन अनोळखी वाटेला जाऊच नका, पट्टा ओढायला दुसरी गाडी लागते.

तिसरीगल्ली
माझं मत बदललं नाही, पण आता चढ-ओढ्याचं गणित कळलं. जुन्या गाड्यांचं कोणी सांगा. २०२० च्या आधीची थार किंवा जिप्सी निम्म्या पैशात मिळते.

नटबोल्ट
कुटुंबासाठी नको. जुन्या थारला एअरबॅग नाहीत, मागच्या सीटा समोरासमोर आडव्या. २०२० मध्ये आलेल्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीचे ४ तारे आहेत, रॉक्सला भारत एनकॅपचे ५. जिम्नीला सहा एअरबॅग येतात. दोन लहान मुलं असताना इथे पैसे वाचवू नका.

तरी बघायचीच असेल तर पिटवर घ्या. चासिसच्या आतल्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरने ठोका, भद आवाज आला की गंज आतून खातोय. कार्पेट उचलून सीटचे बोल्ट बघा, तिथे गंज म्हणजे गाडी पाण्यात बुडलेली. प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळून क्रॉसचा खेळ बघा. कच्च्या जागेवर ४एच आणि ४एल दोन्ही लावून चालवून बघा, पुढचा शाफ्ट खरंच फिरतोय का हे दुसऱ्याला बाहेरून बघायला सांगा. आणि आरसीवरचं वर्णन गाडीशी जुळतंय का ते पाहा: कापडी टप, हार्ड टप, सीटांची संख्या.

हिशेबी
त्यावरून आठवलं, ॲक्सेसरीज. पुढचा लोखंडी बुल गार्ड लावू नका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईचं पत्र दिलेलं आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं काम बिघडतं ते वेगळंच. मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. लिफ्ट किट, रुंद टायर हे सगळं क्लेमच्या वेळी सर्व्हेअर लिहून नेतो. स्पर्धा, स्पीड टेस्ट यांतलं नुकसान पॉलिसीत धरलेलंच नसतं.

मावळवाट
आता चित्र स्पष्ट झालंय. पार्किंगची पाटी, सासूबाईंचे गुडघे आणि बजेट या तिन्हींत बसते ती जिम्नी मॅन्युअल. पाचही जण असतील तेव्हा हॅचबॅक ओढ्याच्या अलीकडे ठेवून जिम्नीच्या दोन फेऱ्या. ओढा फुगला असेल त्या दिवशी जाणं नाही.

शेवटचं: डिलिव्हरी घेण्यापूर्वी काय बघू, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीची काळजी काय?

गडगा
अभिनंदन! डिलिव्हरीआधी गाडीचा उत्पादनाचा महिना व्हीआयएनवरून (चासिस नंबरवरून) बघा. पुळणीशेजारच्या यार्डात पावसाळाभर उभी असेल तर बॅटरी आणि ब्रेक डिस्कचा गंज पाहा. शोरूमच्या आवारातच ४एच आणि ४एल लावायला सांगा, डॅशवरचा दिवा लुकलुकत न राहता स्थिर व्हायला हवा. ४एलला गाडी थांबवून, क्लच दाबून लिव्हर टाकायचा. जॅक, पाना आणि टो हुक मोजून घ्या.

नटबोल्ट
उभ्या गाडीसाठी: आठवड्यातून एकदा तरी वीसेक मिनिटं चालवा, नुसती जागेवर चालू ठेवून बॅटरी भरत नाही. हँडब्रेक लावून महिनाभर ठेवू नका, पावसाळ्यात शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. पेट्रोल टाकी अर्ध्याच्या वर, इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. बोनेटखाली उंदीर बघत चला, वायरिंगची नवी चव त्यांना फार आवडते.

आणि महिन्यातून एकदा शेताच्या मुरमावर २एच, ४एच, ४एल तिन्ही फिरवून किलोमीटरभर चालवा, कोरड्या डांबरावर नाही. पुढचा शाफ्ट आणि ट्रान्सफर केस बरेच महिने फिरलेच नाहीत तर वरच्या भागातलं तेल उतरून जातं, सील सुकतात, आणि ज्या दिवशी चढावर ४एल हवं असतं त्या दिवशी लिव्हर हलत नाही.